आधी हाताने ओढून बघा

चिपळूण, खेड, दापोली या पट्ट्यात आखातात गेलेलं माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. आधीची पिढी बांधकामावर गेली, गॅरेजात गेली, बोटीवर गेली. माझ्या पिढीला आणखी एक ठिकाण मिळालं, ते म्हणजे थीम पार्क. २०१० मध्ये अबुधाबीच्या यास बेटावर फेरारी वर्ल्ड उघडलं. २०१६ मध्ये दुबईत आयएमजी वर्ल्ड्स आलं, त्याच वर्षी शहराबाहेर दुबई पार्क्स अँड रिसॉर्ट्स. २०१८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड, २०२३ मध्ये सीवर्ल्ड. राइड चालवायला, तिकीट खिडकीवर बसायला, दुकानात, रेस्टॉरंटमध्ये, रांगा सांभाळायला एवढ्या पार्कांना सतत माणसं लागतात. बारावी किंवा हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून पहिली नोकरी शोधणारी आपली मुलं या कामात चांगली रुळतात. मीही तशीच गेले. आता राइड विभागात सुपरवायझर आहे आणि नवीन आलेल्यांना शिकवण्याचं काम माझ्याकडे असतं.

त्यामुळे गावाकडून फोन येतात. कुणाचा भाचा, कुणाच्या शेजारची मुलगी. "ताई, दुबईला थीम पार्कात काम आहे म्हणतात. लाखभर मागतायत. देऊ का?" माझं उत्तर ठरलेलं असतं: देऊ नका. पण तेवढ्याने भागत नाही. समोरच्याला नोकरी खरोखर हवी असते, घरी कर्ज असतं, आणि मी नाही म्हटलं की तो दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या कामात एक गोष्ट अगदी पहिल्यांदा शिकवतात. राइडवर बसलेल्या माणसाच्या मांडीवर जो दांडा येतो त्याला आम्ही लॅप बार म्हणतो. तो नीट बसलाय की नाही हे नुसतं बघून ठरवायचं नाही. प्रत्येक सीटपाशी जायचं आणि तो हाताने वर ओढायचा. पॅनेलवरचा दिवा हिरवा लागलेला असला तरी ओढायचा. मागच्या फेरीत तोच बार व्यवस्थित होता, तरी या फेरीत पुन्हा ओढायचा. नोकरी मिळवतानाही मी सगळ्यांना हेच करायला सांगते. बोलणं गोड आहे, ऑफिस थंडगार आहे, भिंतीवर बुर्ज खलिफाचा मोठा फोटो आहे, यावर काही ठरवू नका. कागद हातात घ्या आणि ओढून बघा.

माझ्यासाठी हे काम बाबांनी केलं. ते एसटीतून निवृत्त झाले, तिकडे वाहतूक नियंत्रक होते. कागद वाचल्याशिवाय सही न करण्याची त्यांची सवय घरात सगळ्यांना माहीत होती. अंधेरीतल्या एका एजंटच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो होतो. बाहेरच्या बाकावर माझ्याच वयाची मुलं फायली घेऊन बसली होती. आतल्या साहेबांनी सांगितलं, "राइड ऑपरेटरचं काम, बावीसशे दिरहम, राहणं फुकट. सर्व्हिस चार्ज एक लाख वीस हजार. अर्धे आज, अर्धे व्हिसा आल्यावर." बाबांनी कंपनीचं नाव विचारलं. ते व्हिसा आल्यावर कळेल म्हणाले. बाबांनी लायसन्सचा नंबर विचारला. साहेबांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे हात केला. बाबा उठले, चष्मा पुसला, फ्रेमजवळ जाऊन वाचायला लागले आणि म्हणाले, "याची मुदत संपलेली आहे." साहेबांचा आवाज बदलला. "काका, विश्वास नसेल तर राहू द्या. बाहेर वीस जण थांबलेत." बाबांनी माझी फाइल उचलली आणि आम्ही बाहेर पडलो. दादर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, इतकी ती नोकरी मला हवी होती.

त्या बाकावर माझ्या शेजारी सावंतवाडीकडची एक मुलगी होती. बसल्या बसल्या आम्ही एकमेकींचे नंबर घेतले होते. तिने पैसे भरले. आईच्या बांगड्या गहाण ठेवून भरले. तिला व्हिजिट व्हिसावर पाठवलं, "तिथे पोचलीस की कंपनी व्हिसा लावून देतो" असं सांगून. शारजात एका खोलीत आठजणींत तिला बेड स्पेस मिळाली. थीम पार्क तिने कधी आतून बघितलंच नाही. व्हिजिटची मुदत संपली आणि दिवसाला ५० दिरहम दंड चढायला लागला. एका कॅफेटेरियात लपूनछपून काम करत होती, तिथेही पगार अर्धाच हाती पडायचा. माझी नोकरी लागून मी तिकडे पोचल्यावर तिचा फोन आला, तेव्हा हे सगळं कळलं. तिला घरी परत पाठवायला आम्ही ओळखीच्यांनी वर्गणी काढली. पैसे घेणारा माणूस आजही कुठेतरी तेच बोलत असेल, म्हणून मला राग येतो आणि म्हणून मी फोनवर इतकी कडक बोलते.

आता नियम काय आहे ते सांगते. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्र सरकारचं लायसन्स लागतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव टाकलं की लायसन्स चालू आहे, संपलंय की रद्द झालंय ते दिसतं. मोबाइलवर दोन मिनिटांत होणारं काम आहे. असा अधिकृत एजंटसुद्धा तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे एकूण ३५,४००, आणि तेही पावती देऊन. लाख, सव्वा लाख, दीड लाख हे आकडे कायद्यात कुठेही नाहीत. तिकडच्या, म्हणजे अमिरातीच्या कायद्यात तर याहून स्पष्ट लिहिलंय. नोकरीवर घेण्याचा खर्च कंपनीने करायचा, कामगाराकडून थेट किंवा फिरवून वसूल करायचा नाही. मोठ्या पार्क कंपन्या व्हिसा, तिकीट, मेडिकल सगळं स्वतः करतात. कुणी "कंपनीच्या वतीने" पैसे मागतोय म्हणजे तो कंपनीचा नाही असं धरून चाला.

पासपोर्टही बघून घ्या. दहावी पास असाल तर ईसीएनआर पासपोर्ट मिळतो आणि आखातात जाताना वेगळी परवानगी लागत नाही. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआर शिक्का लागतो आणि मग प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडून मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी चुकवण्यासाठी "व्हिजिटवर जा" असं सांगणारे पुष्कळ आहेत. ती मंजुरी म्हणजे अडथळा वाटतो, पण तिच्यामुळे तुमचा करार सरकारदरबारी नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचं कवच मिळतं. ती चुकवून गेलेल्या माणसाच्या मागे कुणी उभं राहू शकत नाही.

एंट्री परमिट हातात आलं की त्यावर काय लिहिलंय ते वाचा. नोकरीचं परमिट असेल तर तसं छापलेलं असतं आणि कंपनीचं नावही असतं. टुरिस्ट किंवा व्हिजिट असं दिसलं तर विमानात बसू नका, मग तिकीट कुणीही काढलेलं असो.

सध्या एक नवीन विषय सुरू झालाय. मे २०२५ मध्ये डिस्नेने यास बेटावर पार्क होणार असं जाहीर केलं. बातमी खरी आहे. पण ते पार्क बांधणार आणि चालवणार आहे मिराल ही अबुधाबीची कंपनी, जी आज फेरारी वर्ल्ड आणि वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड चालवते. नाव आणि कल्पना डिस्नेची. बांधायलाच अजून काही वर्षं जाणार आहेत. त्यामुळे "डिस्ने अबुधाबीला राइड ऑपरेटर पाहिजेत, लगेच जॉइनिंग" असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. भरती होईल तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर दिसेल, आणि तिथे अर्ज करायला पैसे लागत नाहीत.

मला नोकरी अशीच लागली. कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज केला, बरेच आठवडे काही आलं नाही, मग व्हिडिओवर गटाने मुलाखत झाली. त्या मुलाखतीबद्दल थोडं सांगते, कारण आपली मुलं तिथे हकनाक घाबरतात. इंग्रजी फर्डं लागत नाही. साधं, मोठ्या आवाजात, न अडखळता बोललेलं लागतं. पाठ केलेलं "मायसेल्फ अमुकतमुक" ऐकून समोरचा कंटाळतो. त्यांना बघायचं असतं की हा माणूस आठ तास उभा राहील का, गर्दीत आवाज पोचवेल का, आणि चिडलेल्या माणसासमोर चेहरा शांत ठेवेल का. एक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. पाहुणा खूप नाराज झालाय आणि तुम्ही नियम थोडा वाकवला तर तो खूश होईल, काय कराल? "पाहुणा देवासारखा" असं आपल्यावर बिंबवलेलं असतं, त्यामुळे पुष्कळजण म्हणतात की त्याला खूश करू. मुलाखत तिथेच संपते. आधी सुरक्षा, मग सौजन्य, हा क्रम बोलण्यात दिसायला हवा. हिंदी येत असल्याचं आवर्जून सांगा. तिकडे येणाऱ्या पाहुण्यांत भारतीय पुष्कळ असतात आणि हिंदी बोलणारा माणूस पार्काला हवा असतो. महाराष्ट्रात खोपोलीजवळ इमॅजिका आहे. कॉलेजच्या सुट्टीत अशा ठिकाणी काही दिवस काम करता आलं तर मुलाखतीत सांगायला खरा अनुभव असतो.

ऑफर लेटर आलं की सगळ्यात आधी कंपनीचं नाव बघा, पगार नंतर. पार्कातली साफसफाई, सुरक्षा, खाण्याचे स्टॉल यांची कामं पुष्कळदा बाहेरच्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्यांकडे दिलेली असतात. युनिफॉर्मवर पार्कचं नाव असतं, व्हिसावर दुसऱ्याचं. ते काम वाईट असं मी म्हणत नाही. पण पगार, सुट्टी, खोली, बढती या सगळ्याला जबाबदार ज्याचं नाव व्हिसावर आहे तो. एकाच राइडच्या दाराशी उभ्या असलेल्या दोघांच्या पगारात आणि राहण्याच्या खोलीत किती फरक असतो ते मी रोज बघते. कुणाकडे नोकरी करताय हे निघण्याआधी कळायला हवं.

मग पगाराची फोड. एकूण आकडा सांगून मुलांना भुलवतात. बावीसशे दिरहम. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ दिरहमला एक डॉलर, आणि १९९७ पासून तो हललेला नाही, त्यामुळे रुपयांत गुणाकार केला की डोळे दिपतात. पण त्यात मूळ पगार किती आणि भत्ते किती ते बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार ११०० असेल तर वर्षाचे ७७० दिरहम होतात. त्याच बावीसशेतला मूळ पगार १६०० असेल तर ११२०. एकूण आकडा तोच, पण तीन-चार वर्षांनी हाती येणाऱ्या रकमेत चांगलाच फरक. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच धरतात, साधा २५ टक्के जास्त आणि रात्री १० ते पहाटे ४ मधला ५० टक्के जास्त. राहण्याची खोली कंपनीची की भत्ता, पार्कपर्यंत बस आहे का, जेवण मिळणार की पैसे, घरी जायचं तिकीट किती वर्षांनी, हे सगळं लेखी हवं. "तिकडे गेल्यावर बघू" हे उत्तर घेऊ नका. ऑफर लेटर आणि तिकडे सही करायचा करार यांत फरक दिसला तर सही थांबवा आणि विचारा. विचारल्याने नोकरी जात नाही. मी आजवर एकाचीही गेलेली बघितली नाही.

पोचल्यावर मेडिकल, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी ही कामं कंपनीच करते. या गडबडीत एखाद्या ठिकाणी पासपोर्ट मागून घेतात आणि "सेफ कस्टडीसाठी" असा छापील फॉर्म पुढे करतात. व्हिसाचं काम होईपर्यंत पासपोर्ट देणं ठीक. नंतर तो तुमच्याकडेच हवा. तिकडच्या कायद्याने मालकाला कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. हे नम्रपणे पण ठामपणे सांगता आलं पाहिजे. अडचण आली तर दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्यांचा तिकडून फुकट लागणारा नंबर ८००४६३४२. हा नंबर मी प्रत्येक नव्या मुलीच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर साठवायला लावते.

प्रत्यक्ष कामाकडे येते, कारण कागद नीट असूनही पुष्कळजण पहिल्या उन्हाळ्यात परत जायची भाषा करतात. बाहेरून बघताना वाटतं, गाणी, रोषणाई, हसरी माणसं, मजाच मजा. काम म्हणजे उभं राहणं. सकाळी पार्क उघडण्याआधी तंत्रज्ञांची तपासणी झाली की आमची तपासणी, रिकाम्या फेऱ्या, मग पहिले पाहुणे. त्यानंतर तेच वाक्य शेकडो वेळा, तेच हातवारे, तोच बार ओढणं. बंदिस्त पार्कात एसी असतो. उघड्यावर असाल तर जून-जुलैचं ऊन कोकणातल्या माणसालाही झेपत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ या वेळात उन्हात काम करून घ्यायला तिकडे बंदी आहे, ते लक्षात ठेवा. बूट चांगले घ्या. पहिल्या पगारात मोबाइल बदलू नका, बूट बदला. रमजानमध्ये कामाचे तास रोज दोनने कमी होतात, मग ईदला गर्दीचा लोंढा येतो. दिवाळीत आणि डिसेंबरात भारतातून इतके पाहुणे येतात की त्या काळात रजेचं नाव काढू नये. गणपतीला घरी जायचं असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

या कामातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे नाही म्हणणं. उंचीच्या काठीपाशी ते रोज करावं लागतं. डिसेंबरातल्या गर्दीत एकदा पुण्याचं कुटुंब आलं. आई, वडील, आजी आणि साताठ वर्षांचा मुलगा. दीड तास रांगेत उभं राहून ते माझ्यापर्यंत पोचले होते. मुलगा काठीखाली उभा राहिला आणि दोन सेंटिमीटर कमी भरला. मी त्याचे बूट काढून पुन्हा बघितलं, तर आणखी कमी भरला. वडिलांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि मराठीत सुरू केलं. "अहो ताई, तुम्ही आपल्याच ना? दोन सेंटिमीटरने काय होतंय? चालवून घ्या की." मुलगा रडायला लागला होता. मागची रांग खोळंबली होती, माझा सोबती मान वळवून बघत होता. मी म्हटलं, "दादा, हा बार मोठ्या माणसाच्या मांडीवर बसेल असा बनवलाय. याच्या अंगावर तो टेकणारच नाही. गाडी वळली की पोरगं खालून सरकेल. मी नाही बसवणार." ते माझ्या वरिष्ठांकडे तक्रार घेऊन गेले. आजी मात्र जाताना माझ्या हातावर हात ठेवून गेल्या. तक्रारीचं पुढे काही झालं नाही, कारण असल्या बाबतीत चांगली कंपनी ऑपरेटरच्या मागे उभी राहते. तुमची कंपनी चांगली आहे की नाही हेही तिथेच कळतं. "पाहुणा नाराज नको, जरा ॲडजस्ट कर" असं ज्या ठिकाणी वरिष्ठ सांगतात तिथून पोरांनो, दुसरी नोकरी बघायला लागा. फेरारी वर्ल्डमधल्या फॉर्म्युला रोसा या रोलर कोस्टरची गाडी पाच सेकंदांच्या आत ताशी २४० किलोमीटरचा वेग घेते. असल्या यंत्रावर ॲडजस्ट करण्यासारखं काही नसतं.

फेऱ्यांच्या वेगाचा दबावही असतो. तासाला किती माणसं बसवली याचा आकडा बोर्डावर असतो आणि गर्दीच्या दिवशी तो कमी पडला की विचारणा होते. नवीन मुलं या आकड्याच्या मागे लागून बार ओढायचा सोडून नुसती नजर टाकत पुढे जातात. माझ्या हाताखालच्या मुलाने असं केलेलं दिसलं तर मी फेरी थांबवते आणि त्याला पहिल्या सीटपासून पुन्हा सुरुवात करायला लावते. आकडा माझ्या नावावर कमी लागला तर लागू दे.

पैशाबद्दल एकच सांगते, पण ते मनावर घ्या. तिकडे पगार सुरू झाला की बँकांचे फोन सुरू होतात. क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, पगाराच्या कितीतरी पट. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी कुणी "सर" म्हणून फोन करून पैसे देतोय याचं अप्रूप वाटतं. घरी फ्रिज, भावाला बाइक, बहिणीचं लग्न, असं करत कर्ज चढतं. तिथलं कर्ज फेडायचं राहिलं तर प्रकरण कोर्टात जातं आणि देश सोडायलाही बंदी येऊ शकते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पहिलं वर्षभर दरमहा ठरलेली रक्कमच येईल, जास्त मागू नका. हे आईवडिलांनीही ऐकायला हवं. शेजारच्या घराला मजला चढला म्हणून आपलाही याच वर्षी चढला पाहिजे असं नसतं.

पार्क कितीही मोठं असलं तरी नोकरी कायमची समजू नका. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळी पार्कं एकदम बंद झाली. दुबईतलं बॉलिवूड पार्क्स २०१६ मध्ये गाजावाजा करून उघडलं होतं, ते २०२३ मध्ये बंद झालं. आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे नाचत होती, कपडेपट सांभाळत होती. आता तिकडे बेरोजगारीचा विमा सक्तीचा आहे, २०२३ पासून. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम भरायचे. सलग बारा महिने भरले असतील आणि नोकरी तुमच्या चुकीशिवाय गेली, तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. विमा काढलाच नाही तर ४०० दिरहम दंड होतो. हा विमा स्वतःच्या नावाने चालू आहे का, ते स्वतः उघडून बघा. कुणीतरी काढला असेल असं धरून बसू नका.

आणि सोडायची वेळ आली की घाईने निघू नका. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं. त्या काळात देश सोडून परत यायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, तिकडेच दुसरीकडे जायचं असेल तर एक महिन्याची. नंतर करारात लिहिली असेल तितकी, ३० ते ९० दिवस. करार संपल्यापासून १४ दिवसांत कंपनीने सगळा हिशेब चुकता करायचा असतो: राहिलेला पगार, न घेतलेली रजा, ग्रॅच्युइटी. तो कागद आधी वाचा, बेरीज स्वतः करा, मगच "सर्व मिळालं" यावर सही करा. अनुभवाचं पत्र मागून घ्या. त्यात नुसतं "राइड ऑपरेटर म्हणून काम केलं" एवढंच नको. कोणकोणत्या राइडचं प्रशिक्षण पूर्ण केलं, पाहुण्यांना राइडवरून सुखरूप उतरवण्याचा सराव केला का, नवीन लोकांना शिकवलं का, हे नावानिशी लिहून घ्या. बंगळूर आणि हैदराबादच्या वंडरलात, खोपोलीला, रियाधजवळच्या किद्दियात, कुठेही पुढची नोकरी मागायला गेलात तर समोरचा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. पत्रावर सही कुणाची आहे, तारीख बरोबर आहे का, पासपोर्टातलं नाव आणि पत्रातलं नाव जुळतंय का, हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी बघून घ्या, कारण एकदा तिकडून निघालात की पत्रातली एक चूक दुरुस्त करून घ्यायला महिनोन्‌महिने ईमेल करत बसावं लागतं.